आजोबांचा संप आणि नातीचा दौरा

"आम्ही एडिसनला राहतो. मुलगी २३ वर्षांची. म्युझिकल थिएटरची पदवी घेऊन दीड वर्ष न्यूयॉर्कमध्ये ऑडिशन देते आहे, मधल्या वेळात कॉफीच्या दुकानात काम करते. आता तिला एका गाजलेल्या म्युझिकलच्या दौऱ्यात समूहात काम मिळतंय, शिवाय एका भूमिकेसाठी अंडरस्टडी, म्हणजे मूळ नटी नसेल तेव्हा तिच्या जागी उभं राहायचं. नऊ महिने, बसचा दौरा, आठवड्याला ६५० डॉलर. पण हाच खेळ आधी युनियनच्या नटांना घेऊन फिरत होता. तो दौरा बंद करून आता नॉन-युनियन संच घेऊन पुन्हा काढताहेत. माझे सासरे परळच्या गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपात उतरले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे कळल्यापासून घरात बोलणं बंद आहे. 'आपल्या घरात संपफोड्या जन्मला नाही,' एवढंच म्हणाले. पोरगी रडते. शुक्रवारपर्यंत तिला उत्तर द्यायचंय. मी कोणाची बाजू घेऊ?"
– एक आई, न्यू जर्सी

प्रिय ताई,

तुमची लेक संप फोडत नाहीये. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुमच्या घरातलं बोलणं त्या एका शब्दावर अडलं आहे.

संप फोडणं म्हणजे काय, हे तुमच्या यजमानांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं असणार. गेटबाहेर आपली माणसं उभी आहेत आणि कुणीतरी पोलिसांच्या गाडीतून आत जाऊन त्यांच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहतो, ते संप फोडणं. इथे गेटवर कुणी उभं नाही. जुन्या संचाचे करार पुरे झाले, ते नट घरी गेले. नवा दौरा बहुतेक वेळा वेगळी कंपनी काढते. मूळ निर्मात्याकडून दौऱ्याचे हक्क घेते आणि नटांच्या युनियनशी, म्हणजे अ‍ॅक्टर्स इक्विटीशी, करारच करत नाही. अमेरिकेच्या कायद्यात हे बसतं. उद्या इक्विटीने त्या दौऱ्याविरुद्ध संप पुकारला, दारात फलक घेऊन माणसं उभी राहिली आणि तरीही ती मागच्या दाराने आत गेली, तर यजमानांचा शब्द तिला लागू होईल. आज होत नाही.

पण यजमानांना जे टोचतंय ते खोटं नाही. गेल्या वर्षी त्याच गाण्यांना, त्याच नाचाला, त्याच आठ प्रयोगांच्या आठवड्याला जो दर होता, तो यंदा राहिलेला नाही, आणि खाली आलेल्या दराच्या कागदावर सही तुमच्या मुलीची असणार आहे. त्यांना ते दिसतं. घरात इतर कुणाला दिसत नसेल, तर त्यांच्या अबोल्याचं अर्धं कारण तेच असावं.

मी मिडवेस्टमधल्या एका शहराच्या नाट्यगृहात १४ वर्षं नोकरी केली. आधी तिकीट खिडकीवर, मग येणाऱ्या संचांची सोय बघायला. दोन्ही प्रकारचे दौरे आमच्याकडे यायचे. पुढच्या खुर्चीत बसून फरक कळत नाही. जाहिरातीत दोघांवरही 'ब्रॉडवे' लिहिलेलं, तिकिटाचे दरही जवळजवळ तेच. पोरं जीव ओतून गातात, तेही तेच. फरक बघायचा तर मागे यावं लागतं.

एक फेब्रुवारी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नॉन-युनियन संच होता, आदल्या रात्री दुसऱ्या राज्यात प्रयोग करून आलेला. बर्फाचा चिखल झाला होता, बस दुपारी दोनला पोचली. पाचला साउंड चेक, साडेसातला पडदा. दुसऱ्या अंकात समूहातल्या एका मुलीचा घोटा मुरगळला. तिने नाच पुरा केला, हसतमुखाने नमस्कारालाही उभी राहिली. नंतर मी रंगपटाकडे जाताना ती जिन्यात बसलेली दिसली, बूट काढून, घोट्यावर सोड्याचा थंड डबा धरून. मला म्हणाली, मॅनेजरला सांगू नका, उद्या मला बसवतील. औषधाच्या दुकानातून पट्टा आणायला तिने पर्समधली नाणी मोजली. मी विचारलं, कामावर लागलंय, मग कंपनीचा विमा का नाही मागत? ती म्हणाली, आम्ही युनियनचे नाही ना.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई हा राज्याच्या कायद्याचा भाग आहे, त्याचा युनियनशी काही संबंध नाही. पगारावरचा कर कापून ज्याला पगार मिळतो, त्या नोकराला तो हक्क असतो. रात्री अकरा वाजता माझ्या टेबलावर बसून तिने तो फॉर्म भरला. पुढे दोनेक महिन्यांनी इक्विटीचा दौरा आला, त्यातल्या एका नर्तकाच्या गुडघ्याला लागलं, तर पाच मिनिटांत संचाने निवडलेला डेप्युटी हातात कागद घेऊन हजर. हा डेप्युटी नटांपैकीच एक असतो, तालमी सुरू होतानाच त्याची निवड होते. युनियन म्हणजे काय असं मला कुणी विचारलं की मी पगाराचा आकडा सांगत नाही, त्या दोन रात्री सांगते.

आता हे दौरे युनियनकडून नॉन-युनियनकडे का घसरतात ते यजमानांना सांगा, कारण त्यांना वाटत असेल की हा नुसता मालकाचा लोभ आहे. लोभ आहेच, पण हिशेबही आहे. पहिला दौरा मोठ्या शहरांतून फिरतो, एकेका ठिकाणी दोन-तीन आठवडे, कधी महिनाभर. मोठी शहरं बघून झाली की उरतात आमच्यासारखी. तिथे तीन दिवस, कधी एकच रात्र. दर मुक्कामाला ट्रक रिकामे करायचे, नेपथ्य उभारायचं, रात्री उतरवून पुन्हा भरायचं. खर्च तेवढाच आणि विकायला खुर्च्या थोड्या. आमच्यासारखं नाट्यगृह जी ठरलेली रक्कम कबूल करतं, ती दरवर्षी कमी होत जाते. मग वाचवायचं कुठे? डिझेल स्वस्त होत नाही. लेखक-संगीतकारांची रॉयल्टी ठरलेली. मोठ्या नाट्यगृहांत ट्रक उतरवणारे, दिवे टांगणारे, पडदा ओढणारे बहुतेक आयएटीएसई या रंगमंच कामगारांच्या युनियनचे, त्यांचा दर हलत नाही. हलवता येतो तो नटांचा. सकाळी सातला पेटारे उतरवणाऱ्याला जेवणाची सुट्टी करारानेच मिळते, आणि रात्री त्या पेटाऱ्यातले कपडे घालून नाचणाऱ्या पोरीला ती मॅनेजरच्या मर्जीवर. मला हे १४ वर्षांत कधी पटलं नाही.

इक्विटीचा जन्मच मुळी दौऱ्यांच्या दुःखातून झालाय. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ११२ नटांनी ती स्थापन केली. आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली तेही १९१३ सालीच, आणि कंपनी कर्जात गेली की मुक्काम पोस्ट कुठे अडकायचं हे त्या काळच्या आपल्या नटांनाही ठाऊक होतं. अमेरिकेत तर आठवडे-आठवडे बिनपगारी तालमी चालायच्या, कपडे पदरमोड करून शिवायचे, आणि गल्ला जमला नाही की निर्माता संचाला रस्त्यातल्या कुठल्यातरी गावात टाकून पसार व्हायचा. परतीच्या रेल्वे तिकिटाचे पैसे नसलेले नट हॉटेलमालकाकडे ट्रंक गहाण ठेवून घरी यायचे. ७ ऑगस्ट १९१९ ला संप झाला, महिनाभर चालला. समूहात नाचणाऱ्या मुलींनी त्या संपातच स्वतःची वेगळी शाखा उभी केली, अभिनेत्री मेरी ड्रेसलर तिची अध्यक्ष झाली. संप नटांनी जिंकला. आज इक्विटीचा करार करायचा तर निर्मात्याला आधी अनामत रक्कम ठेवावी लागते, दौरा मध्येच बुडाला तर नटांचा पगार आणि परतीचा प्रवास त्यातून निघावा म्हणून. ती अनामत म्हणजे त्या गहाण ट्रंकांची आठवण आहे. तुमच्या सासऱ्यांच्या संपाला असं काही हाती लागलं नाही, अडीच लाख माणसं उतरूनही लागलं नाही, आणि तो संप आजवर रीतसर मागे घेतलेलाही नाही. यजमानांच्या घशात जे अडकलंय ते हेच असेल, असं मला वाटतं.

गेल्या पंचवीस वर्षांत मात्र इक्विटीलाही मागे सरकावं लागलंय. २००१ मध्ये 'द म्युझिक मॅन'चा दौरा नॉन-युनियन संच घेऊन निघाला, तेव्हा इक्विटीने जाहीर विरोध केला, तरी दौरा फिरलाच. नंतर असे बरेच निघाले. मग २००४ साली निर्मात्यांच्या संघटनेबरोबर तडजोड झाली. लहान दौऱ्यांसाठी कमी पगाराच्या पायऱ्या मान्य करायच्या, धंदा चांगला झाला तर वरच्या पैशात वाटा घ्यायचा, पण काम युनियनमध्येच ठेवायचं. त्या तडजोडीवर नट आजही भांडतात. मला ती बरोबर वाटते. छत खाली आलं तरी छत असावं.

आणि एक गोष्ट यजमानांना आवर्जून सांगा. 'वेट्रेस' या म्युझिकलचे दोन संच एकाच काळात फिरत होते, एक युनियनचा, दुसरा नॉन-युनियन. तीच गाणी, तेच एप्रन. इक्विटीच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या संचाला पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश पैसे मिळत होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्या दुसऱ्या संचातल्या नटांनी आणि स्टेज मॅनेजरांनी युनियन हवी म्हणून राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे अर्ज केला. सगळे मिळून २२ जण. ती पोरं बाहेर राहून ते करू शकली नसती. आधी त्या बसमध्ये चढावं लागलं.

म्हणून माझं मत असं, की तिने जावं, पण डोळे उघडे ठेवून. करारातली अक्षरं बारीक असतात, तिथे घाई नको.

६५० चा आकडा आधी उलगडू. नऊ महिने म्हणजे ३९ आठवडे, गुणिले ६५०, म्हणजे २५,३५० डॉलर. पण दौऱ्यात मधे रिकामे आठवडे येतात, नाताळच्या आसपास किंवा तारखा विकल्या गेल्या नाहीत म्हणून. त्या आठवड्यांत पगार मिळतो का? बहुतेकदा नाही, आणि हॉटेलही नाही. असे पाच आठवडे गेले तर हातात २२,१०० राहतात, त्यातून कर, आणि एजंट असेल तर त्याचे १० टक्के. रोजचा भत्ता पगारात धरलाय की वेगळा, हे तिने लेखी विचारावं. तालमीच्या आठवड्यांचा पगार किती, तेही. खोली दोघींत असेल, एकटीची हवी तर फरक कोण भरणार? ती अंडरस्टडी आहे, तर भूमिकेत उभी राहील त्या प्रयोगाचे जास्तीचे पैसे किती? समूहाचं काम आणि वर ही भूमिका पाठ, दोन्ही ६५० मध्ये बसवले असतील तर तिथे बोलायला जागा आहे. पैसे नाही वाढवले, तरी प्रयोगामागे ठरावीक रक्कम मागता येते. आपल्याकडच्या नटांना 'नाईट' मिळते, तशी त्या वेगळ्या कामाची नाईट.

सगळ्यात नीट वाचायचं कलम म्हणजे सोडून जायचं. तिने दोन आठवड्यांची नोटीस दिली तर चालेल, की दंड आहे? परतीचं तिकीट कोण काढणार? आणि कंपनीने दौरा मध्येच थांबवला तर? इथे इक्विटीची अनामत नसणार. म्हणून तिच्या खात्यात घरी परतण्याचं भाडं आणि एक महिन्याचा खर्च, एवढे पैसे बाजूला हवेतच, आणि त्यांना हात लावायचा नाही. हे पैसे तुम्ही दिलेत तर उत्तम. त्यापुढे लाड नकोत. न्यूयॉर्कची खोली नऊ महिन्यांसाठी पोटभाड्याने द्यायला सांगा, पण घरमालकाची परवानगी घेऊन.

आरोग्य विमा. ती २६ वर्षांची होईपर्यंत तुमच्या विम्यावर राहू शकते, तो कायदा आहे. फक्त तुमचा विमा न्यू जर्सीबाहेर किती चालतो ते आजच फोन करून विचारा. ती आयोवात आजारी पडली आणि तुमचं नेटवर्क न्यू जर्सीच्या हद्दीपाशी संपत असेल, तर उपयोग काय? वर्षअखेरीला बऱ्याच राज्यांत कराचे अर्ज भरावे लागतील, ते काम रंगभूमीवरच्या लोकांचे कर भरणाऱ्या माणसाकडे द्या. पहिल्या वर्षी स्वतः करायला जाऊ नका.

तिच्या बाजूने असलेला एक कायदा तिला पाठ हवा. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने युनियन नसलेल्या नोकरांनाही आपसात पगार बोलण्याचा, एकत्र येऊन तक्रार करण्याचा आणि युनियन मागण्याचा हक्क दिला आहे. 'इथे पगारावर बोलायचं नाही' असं कुणी म्हणालं, तर ते म्हणणारा चुकतोय. पहिल्याच आठवड्यात बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या मुलीला तिने शांतपणे विचारावं, तुला किती देतात? मी पाहिलंय, एकाच समूहात, एकाच रांगेत नाचणाऱ्या दोघींना वेगवेगळे आकडे सांगितलेले असतात, आणि ते कळायला सहा महिने लागतात.

पगाराची प्रत्येक पावती तिने जपून ठेवावी. २०२१ पर्यंत इक्विटीत शिरणं हा कोंबडी आधी की अंडं आधी असा पेच होता. युनियनचं काम मिळालं की सभासदत्व, आणि ऑडिशनच्या रांगेत पुढचा नंबर सभासदांचा. शिवाय उमेदवार म्हणून नाव नोंदवून कामाचे आठवडे साठवणं, किंवा सिनेमा-दूरचित्रवाणीच्या युनियनमधून येणं, असेही मार्ग होते. २०२१ च्या जुलैमध्ये इक्विटीने दार उघडलं. नट किंवा स्टेज मॅनेजर म्हणून पैसे घेऊन व्यावसायिक काम केल्याचा पुरावा दाखवला की अर्ज करता येतो. म्हणजे ज्या दौऱ्यामुळे घरात अबोला आहे, त्याच दौऱ्याच्या पावत्या तिला उद्या युनियनच्या दारात उभं करतील. पण कार्ड घ्यायची घाई नको. सभासद झालं की नॉन-युनियन नाटकांची दारं बंद होतात, आणि अनुभव थोडा असताना हातात कार्ड आहे पण काम नाही, अशी दोन-तीन वर्षं जाऊ शकतात. मी अशी पोरं पाहिली आहेत, चांगली गाणारी. दौरा पुरा करू दे, आवाज आणि पाय किती टिकतात ते तिलाच कळू दे, मग न्यूयॉर्कला परतून ठरवू दे.

तुम्ही विचारलंत, कोणाची बाजू घेऊ. कुणाचीच नको, ताई. तुमच्या लेकीला आत्ता वकील नको आहे. तिला वडील हवे आहेत. त्या माणसाने कामगाराच्या घरात पगाराचा दिवस कसा असतो ते पाहिलंय. करारातला प्रत्येक शब्द कुणाच्या फायद्याचा आहे, हे त्यांना माझ्याहून लवकर कळेल. 'त्यांनी तिला माफ करावं' असं बोलणं काढूच नका, तिने गुन्हा केलेला नाही. तिलाच सांगा, तो करार छापून जेवणाच्या टेबलावर ठेव, शेजारी पेन ठेव आणि म्हण, "बाबा, मला यातलं काही कळत नाही, तुम्ही वाचता का?" ते एक-दोन दिवस हात लावणार नाहीत. कागद तिथून उचलू नका.

आणि तुमच्या गावातल्या नाट्यगृहाचं सीझन तिकीट तुमच्याकडे असेल, तर पुढच्या वर्षी पैसे भरण्याआधी खिडकीवर विचारा, यातले कुठले दौरे इक्विटीचे आहेत? मी त्या खिडकीच्या आत बसत होते. सहा वर्षांत तो प्रश्न मला चार जणांनी विचारला असेल. पण चौथ्याने विचारला त्या दिवशी मी तो वर साहेबांपर्यंत नेला होता, आणि त्यांनी तो लिहून घेतला होता.

गुरुवारी रात्री यजमानांनी कागद उचलला, तर त्यांनी पेनाने ज्या ज्या ओळीखाली रेघ मारली असेल त्या सगळ्या तिने शुक्रवारी सकाळी कंपनीला फोन करून विचाराव्यात. सही त्यानंतर.

तुमची,
ताई